हळिवाच्या तीन ताटल्या

दुधाची पिशवी फोडली की वैजनाथ ओव्हाळ आधी वास घेतात. मग नखावर एक थेंब टाकून तो कसा ओघळतो ते बघतात, आणि त्यानंतरच पातेलं गॅसवर चढतं. पुण्याजवळ मांजरीत राहायला आल्याला बावीस वर्षं झाली. तेवढी वर्षं हा थेंब रोज ओघळतो आहे आणि त्यांची बायको विजयमाला रोज तो ओट्यावरून पुसते आहे.

"झाली का उलटतपासणी?" एवढंच ती विचारते.

हा स्वभाव जन्माचा नव्हता. एकतीस वर्षं ते एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत मदतनीस होते. शेतकऱ्यांनी आणलेल्या मातीच्या पिशव्या उतरवून घ्यायच्या, माती सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीनं फोडायची, चाळायची आणि डबीत भरून आत साहेबांकडे द्यायची. आत यंत्रं होती, बाहेर वैजनाथ होते. यंत्राला डबीतलं कळायचं, वैजनाथांना डबी भरणारा कळायचा.

माणूस डॉक्टरकडे जाताना धुतलेला शर्ट घालतो, तसा शेतकरी तपासायला आपली सगळ्यात चांगली माती आणतो. उकिरड्याच्या कडेची, झाडाखालची, जनावरं बसतात तिथली. सगळ्या रानात फिरून आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्या, ती माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो आणा, असं छापील कागदावर लिहिलेलं असूनही. वैजनाथ पिशवीत हात घालत. बोटांना एखादा मऊ काडीचा तुकडा लागे, लेंडीचा चुरा लागे, राखेचा गुळगुळीतपणा लागे. मग ते पिशवी परत सरकवत म्हणत, "पुन्हा आणा."

लोक शपथा घेत, चिडत, एक जण तर रडला होता. वैजनाथ ढळले नाहीत. पुढे लॅबमध्ये त्यांचं नावच 'पुन्हा आणा' पडलं. साहेब आतून हाक मारत, "अहो पुन्हा आणा, चहा पुन्हा आणा!" आणि सगळे हसत.

काही धंद्यांची माती हाताला लागते. ह्या धंद्याची वैजनाथांच्या नजरेला लागली. निवृत्त झाल्यावरही ती धुतली गेली नाही. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत ते काठी बुडवून बघत. वॉचमननं गुड मॉर्निंग म्हटलं की आज का म्हटलं, ह्याचा विचार करत जिना चढत.

जगात एकच पिशवी अशी होती की जिच्यात त्यांनी कधी संशयानं हात घातला नाही. ती त्यांच्या थोरल्या बहिणीची, वेणूअक्काची.

अक्काचं रान सुप्याच्या पुढे, पाऊस वाकडी वाट करून जातो अशा बाजूला. अडीच एकर, तेही गायरानातलं. अक्कानं आणि तिच्या नवऱ्यानं दगड वेचून वेचून ते केलं होतं. ते दगड आजही चारी बाजूंना बांध होऊन उभे आहेत. वीस वर्षांपूर्वी वैजनाथांनी तिची माती पहिल्यांदा लॅबमध्ये आणली. सेंद्रिय कर्ब निघाला शून्य पूर्णांक अठरा टक्के. मातीतलं कुजलेलं, जिवंत, पाणी धरून ठेवणारं जे काही असतं, त्याचं ते माप. साहेबांनी कागद सगळ्यांसमोर वाचला आणि म्हणाले, "ओव्हाळ, ही माती आहे का रस्त्याची खडी?"

त्या दिवाळीत वैजनाथांनी अक्काला हे सांगितलं होतं. आपल्या लोकांना जमीन मिळाली तीही अशी, आणि वर हसू.

पुढच्या वर्षी अक्कानं माती पाठवली, तिच्यात कर्ब निघाला शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर. वैजनाथांनी लॅबमध्ये पेढे वाटले. "माझी बहीण राबली," ते प्रत्येकाला सांगत होते, साहेबांना तर दोनदा. त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी अक्काची पिशवी येत राहिली आणि आकडा सत्तरच्या खाली कधी उतरला नाही. ते सगळे रिपोर्ट वैजनाथांच्या कपाटात एका निळ्या फाइलमध्ये आहेत, धम्मदीक्षेच्या वेळच्या वडिलांच्या फोटोशेजारी.

ह्या मे महिन्यात प्रश्न आला तो त्यांची मुलगी दीक्षा हिच्यामुळे. दीक्षा खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्या कंपनीनं, तिथल्या आणखी दोन-तीन कंपन्यांबरोबर, कँटीनमधल्या ओल्या कचऱ्याचं खत करायला सुरुवात केली होती. मांजरीच्या टोकाला त्याचं आवार होतं. खत कोरडवाहू गावांना फुकट द्यायचं, पडीक होत चाललेली माती पुन्हा धरायला लावायची, अशी योजना. अक्काचं गाव निवडलं गेलं आणि दीक्षानं आत्याचं नाव यादीत सगळ्यात वर घातलं.

"काढ ते नाव," वैजनाथ म्हणाले.

"का पण, पप्पा?"

"चांगल्या जमिनीत शहराची घाण नको."

"घाण नाहीये ती. कंपोस्ट आहे."

"घाणीला इंग्रजी नाव दिलं की ती कंपनीची होते."

योजनेचं काम बघणारी स्पृहा नावाची मुलगी त्या शनिवारी स्वतः घरी आली. उंच, घाईत असलेली, पण चपला दारात नीट जोडून ठेवणारी. तिनं खताची एक पिशवी पुढे ठेवली. वैजनाथांनी मूठभर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या नांगरटीसारखा वास.

"फार चांगलं आहे," ते म्हणाले.

"थँक्यू, काका."

"कौतुक नाही करत. तक्रार करतोय. एवढं चांगलं कसं?"

स्पृहानं दीक्षाकडे पाहिलं. दीक्षा छताकडे बघत होती. स्वयंपाकघरातून विजयमालाचा आवाज आला, "चहा घेतेस ना गं? घाबरू नकोस, यांनी तपासलाय तो."

वैजनाथांनी निळी फाइल आणून उघडली. पानं उलटताना त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघा. पॉइंट चौऱ्याहत्तर. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. कोरडवाहू माळावर असा कर्ब दाखवा मला कुठं. हिला कशाला पाहिजे तुमचं खत?"

"खरंच छान आहे," स्पृहा म्हणाली. "मग यादीतलं पुढचं नाव घेऊ का? पुढच्या शनिवारी यादी बंद होतेय. एकदा लॉऱ्या लावल्या की बदल नाही करता येणार. पुढच्या वर्षी योजना असेल का, तेही माहीत नाही."

"शनिवारपर्यंत थांबा. मी तपासून सांगतो."

ती गेल्यावर त्यांनी अक्काला फोन लावला.

"येऊ दे की रं," अक्का म्हणाली.

"अगं, त्यात काचा असतील, प्लास्टिक असेल. तुझ्या रानात काय कमी आहे?"

पलीकडून कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"कमी न्हाय काय," अक्का शेवटी म्हणाली. "तू म्हनशील तसं. तुझ्याबिगर मी सही करायची न्हाय."

भोळी आहे, वैजनाथांना वाटलं. फुकट म्हटलं की हुरळली.

आता त्यांनी जुन्या सवयीनं काम हाती घेतलं. खत पिकलंय की कच्चं आहे, हे हळीव सांगतं. बाळंतिणीच्या लाडवातलं तेच तांबडं बी. चांगल्या खतात ते तिसऱ्या दिवशी हिरवं होऊन उभं राहतं, कच्च्या खतात मुळं करपतात. कच्चं खत कोरड्या रानात पडलं तर आधी पिकाच्या तोंडचं खातं आणि मग स्वतः कुजतं. तीन ताटल्या लावायच्या ठरल्या. पहिलीत स्पृहानं आणलेलं खत. दुसरीत आवारातल्या ढिगातलं, न सांगता जाऊन आणलेलं. तिसरीत अक्काच्या रानातली माती, कारण ताडून बघायला एक खरं माप लागतं, आणि त्यांच्या लेखी त्याहून खरं काही नव्हतं.

रविवारी दीक्षा अक्काच्या जमिनीच्या कागदांच्या प्रती आणायला गाडी घेऊन जाणारच होती. "येताना पिशवीभर माती आण," त्यांनी सांगितलं. सोमवारी सकाळी ते खताच्या आवारात पोचले ते छत्रीबरोबर एक लोखंडी पहार घेऊन. वॉचमन म्हणाला, परवानगी? वैजनाथ म्हणाले, कचऱ्याला? आणि आत गेले.

मागच्या बाजूला डोक्याइतका उंच ढीग होता. पहार त्यांनी ढिगाच्या पोटापर्यंत खुपसली, दहा मिनिटं तशीच ठेवली आणि ओढून काढली. हाताला चटका बसला. आतून मुतारीसारखा वास आला. शेवग्याची शेंग ओळखू येत होती, टोमॅटो सॉसच्या पुड्या होत्या, अर्धा प्लास्टिकचा चमचा होता. पुढच्या बाजूला, दारातून दिसेल असा, दुसरा एक जुना, थंड, काळा ढीग होता. स्पृहाच्या पिशवीतलं खत तिथलं. लॉऱ्या कुठून भरणार, असं विचारल्यावर वॉचमननं मागच्या ढिगाकडे बोट केलं. "जागा मोकळी करायचीय ना, काका."

परतताना वैजनाथांच्या चालीत बऱ्याच दिवसांनी जोर होता. संशय खरा निघाला की त्यांना झोप चांगली लागायची.

हळीव मांजरीच्या दुकानातलं जुनं असतं, म्हणून ते मंगळवारी बस धरून मंडईत गेले. तिथल्या ओळखीच्या दुकानदारानं विचारलं, "कोण बाळंत?" वैजनाथ म्हणाले, "अजून कळायचंय." संध्याकाळी गॅलरीत तीन स्टीलच्या ताटल्या मांडल्या गेल्या. प्रत्येकीत पन्नास बिया, वर बोटाच्या पेराच्या निम्मी माती, मोजून चार चमचे पाणी. विजयमालानं त्या ताटल्यांना वळसा घालून कपडे वाळत घातले.

शुक्रवारी सकाळी पहिली ताटली हिरवीगार होती. दुसरीत पंधरा-वीस कोंब, पिवळे, मुळांची टोकं तपकिरी.

तिसरीत काहीच नव्हतं.

वैजनाथ खाली बसले. अक्काच्या मातीवर पापडासारखा पापुद्रा धरला होता, वर आडव्या-उभ्या भेगा. नखानं एक खपली उचलली. खाली बी फुटून वाकडं झालं होतं, त्यानं डोक्यानं झाकण उचलायचा प्रयत्न केला होता आणि तसंच मेलं होतं. त्यांनी विजयमालाकडून अर्धं लिंबू मागून घेतलं आणि वाळलेल्या मातीवर पिळलं. माती बारीक फसफसली. चुनखडी. पहिल्या वर्षानंतर लॅबमध्ये अक्काची माती आम्लाखाली कधी फसफसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"दीक्षा!"

दीक्षा लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून बाहेर आली.

"ही माती कुठून उचललीस? रस्त्याच्या कडेची ना? गाडीतून उतरायचा कंटाळा?"

"पप्पा, प्लीज. रानाच्या मधोमध गेले होते मी. सँडल तुटली माझी."

"खोटं बोलू नकोस. एकतीस वर्षं मी हेच..."

"घ्या," तिनं मोबाइल पुढे धरला. "फोटो आहे. तुम्ही मागणारच, म्हणून काढला होता."

फोटोत रान होतं. चारी बाजूंचे दगडांचे बांध, मध्ये खुरप्यानं केलेला खड्डा, दीक्षाची तुटकी सँडल. आणि एका कडेला अक्का, हात अर्धवट पुढे केलेला, काहीतरी थांबवत असल्यासारखी.

"ती काय करतेय?"

"आत्या? ती म्हणत होती, इथली नको घेऊ, बाभळीखालची घे. वैजूला बाभळीखालचीच लागते." दीक्षानं बॅग सावरली. "मला वाटलं, काहीतरी तुमचंच असेल. मी म्हटलं, आत्या, तिथं फार लेंड्या आहेत."

ती गेली. वैजनाथ गॅलरीत ताटल्यांपुढे बसून राहिले. बाभळीखाली अक्काच्या शेळ्या दुपारी बसत. मेव्हणे होते तेव्हापासून बसत.

विजयमाला कपडे काढायला आली. तिनं तिसऱ्या ताटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नेहमीचं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

"डबा देऊ का बरोबर?" तिनं विचारलं. "साडेनऊची एसटी मिळेल."

एसटीत त्यांनी निळी फाइल मांडीवर ठेवली होती. उघडली नाही. एकतीस वर्षांत आपण किती जणांना पुन्हा आणा म्हटलं, ते आठवत होते. तो रडलेला माणूस कोण होता? त्याची माती खरंच खोटी होती का?

अक्का बाभळीखालीच बसली होती, शेळीच्या पायातला काटा काढत. वैजनाथांच्या हातात खुरपं आणि घमेलं बघितल्यावर तिनं शेळी सोडून दिली.

"पोरीनं सांगितलं व्हय?"

वैजनाथांनी पाण्याची बाटली उघडून थोडं पाणी रानात ओतलं. ते मातीला न शिवता घरंगळत बांधापर्यंत गेलं. मग बाभळीखाली ओतलं. ते जागीच दिसेनासं झालं.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"तू पेढं वाटायच्या आदीपासनं."

"अक्का!"

"त्या दिवाळीला तू कसा बसला हुतास, आठवतं का? ताटावर. करंजी तशीच हातात. म्हनलास, सगळ्यांसमोर खडी म्हनले. मला वाटलं, काय नेऊन दिली मी ह्याला माती." अक्कानं पदरानं हात पुसले. "एकदाच द्यायची हुती. मग तू पेढं वाटलंस. आता पेढं वाटलेल्या मानसाला काय सांगायचं?"

"मी तुला खत नको म्हणत होतो! उद्या तुझं नाव कापणार होतो."

"म्हाईत हाय."

"आणि तू सही करायची नाही म्हणत होतीस!"

"मग काय सांगू? लबाड हाय म्हनून?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "मी वाट बघत हुते, वैजू. सगळ्या गावाची चोरी वळखतूस म्हनत्यात. म्हनलं, आज वळखल, उद्या वळखल. दर खेपंला पिशवीत दोन लेंड्या जास्ती घालत हुते."

वैजनाथ खाली बसले. बाभळीखालची माती त्यांनी मुठीत घेतली. मऊ, काळसर, लेंडीचा चुरा, पानांचा चुरा. कुठल्याही माणसानं ही पिशवीतून आणली असती तर हात आत जायच्या आधी त्यांनी परत सरकवली असती. आणि तरी ही माती खोटी नव्हती. वीस पावलांवरच्या त्या खडीसारख्या रानाचीच होती. फक्त हिच्यावर वीस वर्षं शेळ्या बसल्या होत्या, शेंगा गळल्या होत्या, सावली पडली होती. रानाला जे द्यायला हवं होतं ते सगळं एका कोपऱ्याला मिळालं होतं, आणि तो कोपरा ते दर खेपेला पुण्याला नेऊन मोजत होते.

त्यांनी स्पृहाला फोन लावला.

"स्पृहा, ओव्हाळ बोलतोय. अक्काचं नाव वरच राहू दे."

"अरे वा! म्हणजे आमचं खत पास?"

"नापास. मागचा ढीग कच्चा आहे, हाताला चटका बसतो. तो अजून दोन महिने उलटापालटा करून पिकवा. गावाला पुढचा जुना ढीग पाठवायचा. भरताना मी उभा राहणार आणि प्रत्येक लॉरीतलं खत हळीव लावून बघणार."

"मागचं भरणार होते? मला हे कुणी बोललंच नाही, काका."

"विचारलं नसेल तुम्ही. मीही नाही विचारलं. आणि ते रिपोर्ट दाखवले ना मी तुम्हाला, चौऱ्याहत्तरवाले? ते धरू नका. नमुना खोटा होता."

"खोटा? कुणी दिला होता?"

अक्का त्यांच्याकडे बघत होती. शेळी तिच्या पदराचं टोक चावत होती.

"मीच," वैजनाथ म्हणाले. "खरा सोमवारी देतो."

फोन खिशात टाकून ते उठले. रानात नागमोडी चालायचं, दर तीस-चाळीस पावलांवर वरचा कचरा बाजूला करून वीतभर खोल खड्डा घ्यायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. हे त्यांनी हजारो लोकांना सांगितलं होतं आणि स्वतः एकदाही केलं नव्हतं. तिसऱ्या खड्ड्याशी त्यांना दम लागला. खुरप्याला माती लागत नव्हती, ठिणगी उडायची तेवढी बाकी होती.

"तिथं काय बघतूस," अक्का मागून म्हणाली. "ते त्यातल्या त्यात बरं हाय. हिकडं ये, लिंबाच्या पलीकडं. तिथं तर कुसळबी उगवत न्हाय."

"वाईटच दाखवतेस आता?"

"तुला खरं पायजे ना?"

ते कडुलिंबाच्या पलीकडे गेले. तिथं खड्डा व्हायला वेळ लागला. अक्कानं स्वतः खुरपं घेतलं आणि दोन ढेकळं फोडून घमेल्यात टाकली. नऊ खड्डे झाल्यावर वैजनाथांनी सगळी माती पोत्यावर पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा पसरली, पुन्हा टाकले. उरलेली अर्धा किलो पिशवीत भरली आणि चिठ्ठी लिहिली. वेणूबाई रोकडे, गट नंबर, तारीख. 'नमुना घेणारा' ह्या ओळीपुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. कर्ब पॉइंट अठरा निघेल, कदाचित पंधरा. प्रयोगशाळेत आता साहेब नवे होते, पण खिडकीवरचा माणूस त्यांनीच शिकवून तयार केलेला होता.

पिशवीची गाठ मारताना अक्का जवळ येऊन उभी राहिली. तिची मूठ बंद होती.

"घालू का थोडी, चवीला?" तिनं मूठ उघडली. बाभळीखालची होती.

"नको," वैजनाथ म्हणाले. "तो पुन्हा आणा म्हणेल."

अक्का मोठ्यानं हसली आणि मूठ तिथंच, त्या नवव्या खड्ड्यात झटकली. वैजनाथांनी बांधलेली गाठ सोडली, पिशवीत हात घालून तळापर्यंत एकदा चाचपलं, आणि मग पुन्हा बांधली.